घाम तितका दाम

श्रमपट्टी मी तयार केली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी तिला शिव्या घालीन तेव्हा त्या नेमक्या कुणाला बसतायत याबद्दल वाचकाचा घोळ होणार नाही.

मी सोलापूरच्या वडार वस्तीत वाढलो. वडील दगड फोडायचे आणि आई, म्हणजे आमची अम्मा, तो डोक्यावरून वाहायची. शनिवारी मुकादम पगार वाटायचा. वडिलांना पाचशे रोज, अम्माला तीनशे. आठ वर्षांचा असताना मी त्याला विचारलं होतं, अम्माच्या पाट्या जास्त भरल्या, मग पैसे कमी का? तो हसून म्हणाला, “ती बाई हाय रं.” पुढे मी शिकलो, शरीरशास्त्रात पीएचडी केली, हुलगप्पा यल्लप्पा धोत्रेचा डॉ. एच. वाय. धोत्रे झालो. पण ते उत्तर घशात अडकलेल्या काट्यासारखं तिथंच राहिलं.

श्रमपट्टी बटणाएवढी असते. गळ्याखालच्या हाडावर चिकटवतात. माणूस राबतो तेव्हा त्याच्या शरीरात काय होतं हे काही गुपित नाही. स्नायू प्राणवायू घेऊन इंधन जाळतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं, अंग तापतं. पट्टी हे सगळं घामातून आणि कातडीखालच्या रक्तातून अखंड मोजते, त्या माणसाच्या स्वतःच्या कमाल ताकदीशी ताडून पाहते आणि शून्य ते शंभर यांमधला एक आकडा देते. तो श्रमांक. शून्य म्हणजे गाढ झोप, शंभर म्हणजे जीव जायची वेळ. पट्टीला बाई-पुरुष कळत नाही, जात कळत नाही, मुकादमाचा मेहुणा कोण तेही कळत नाही. मला वाटलं, त्या मुकादमाला उत्तर मिळालं.

दोन हजार त्रेचाळीस साली श्रमसमता कायदा आला. तोवर बहुतेक कामं यंत्रांनी गिळली होती. सार्वजनिक बांधकामातला पाचवा हिस्सा सरकारने माणसांच्या हातांसाठी राखून ठेवला आणि मजुरी श्रमांकावर ठरवली. ‘घाम तितका दाम’ ही घोषणा भिंतीभिंतींवर रंगली. कायद्यात दयेपोटी एक कलमही होतं. ज्याचा श्रमांक सलग तीन महिने पस्तिसाच्या खाली राहील, तो थकला असं समजून त्याला घरबसल्या निर्वाह भत्ता. अशा माणसाला परत कामावर घेतलं तर ठेकेदाराचं अनुदान बंद होतं, त्यामुळे त्याला पुन्हा कुणी घेत नाही. कलम म्हाताऱ्यांसाठी आहे, आजाऱ्यांसाठी आहे, असं मी स्वतः टीव्हीवर सांगितलं होतं.

तीन वर्षांनी या कलमाखालचं पत्र अम्माला आलं.

अम्मा तेव्हा एकोणसाठ वर्षांची. डाव्या कालव्याच्या दगडी अस्तराची दुरुस्ती चालली होती. कालव्याचा बांध अरुंद आणि भुसभुशीत, त्यावर यंत्र घातलं की खचायचा, म्हणून तिथे माणसं. दिवसाला शंभरावर पाट्या वाहणारी बाई थकली असं पत्र म्हणतंय, हे बघून मला हसू आलं. पट्टी खराब असणार. मी नवी पट्टी घेऊन कालव्यावर गेलो.

अम्मा आणि तिची जोडीण गंगव्वा इटकर बांधावरून येत होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत घडीव दगड. दोघींच्या माना स्थिर, नजर समोर, पाय एकदम उचललेले आणि एकदम टेकलेले. तीस वर्षं त्या अशाच चालतायत. एकीने दुसरीला हात लावून पाटी चढवायची, एकीने दुसरीची उतरवायची, मधलं अंतर बोलत-हसत कापायचं. त्यांच्या मागून गद्रे येत होते. बँकेत कारकून होते, यंत्रांपायी बँकेने माणसं काढली तेव्हा त्यांचीही नोकरी गेली. पाटी अर्धीच भरलेली, तरी चेहरा लालभडक, दर दहा पावलांवर थांबणं, छाती भात्यासारखी वरखाली. त्यांचा श्रमांक एकाहत्तर होता. अम्माचा अठ्ठावीस. मी पट्टी बदलली. नव्या पट्टीवर सत्तावीस.

“मावशी, मला माझीच लाज वाटते हो,” गद्रे पाणी पिता पिता म्हणाले. “तुम्ही शंभर पाट्या वाहता, मी चाळीस. आणि पैसे मला तुमच्या अडीचपट. पण घरी दोन पोरं आहेत, काय करू?”

“आवो, लाज कसली?” अम्मा म्हणाली. “तुमाला तरास हुतंय की. घ्या तुमी.” मग माझ्याकडे वळून हळूच, “त्येला खरंच लई तरास हुतंय रं. एखाद्या दिवशी मरंल बिचारा.”

(घरी आम्ही वडारी बोलतो. इथे अम्मा बाजारात बोलते त्या मराठीत तिला लिहितोय.)

पट्टी खराब नव्हती. मी त्या आठवड्यात प्रयोगशाळेत बसून पुन्हा सगळं तपासलं आणि मला विद्यार्थिदशेत वाचलेलं एक प्रकरण आठवलं. माणूस चालतो तेव्हा त्याचं शरीर उलट्या लंबकासारखं हलतं. पाऊल टेकलं की शरीर त्यावरून वर चढतं, मग पुढे उतरतं. या चढउतारातली ऊर्जा पुढच्या पावलाला बरीचशी परत मिळते, पण सगळी नाही, आणि जी वाया जाते ती आपल्याला दमवते. डोक्यावर ओझं घेऊन लहानपणापासून चालणाऱ्या बायका हा वाया जाणारा भाग वाचवायला शिकतात. कुणी शिकवत नाही, अंगच शिकतं. आफ्रिकेतल्या अशा काही बायकांवर पूर्वी प्रयोग झाले होते आणि ठराविक वजनापर्यंत ओझं त्यांना जणू फुकटात पडतं असं दिसलं होतं. त्यात अर्धपोटी वाढलेलं शरीर मुळातच काटकसरी. अम्माच्या शरीराने पन्नास वर्षांत कष्ट न दाखवता कष्ट करायचं तंत्र कमावलं होतं, आणि माझी पट्टी फक्त दिसणारे कष्ट मोजत होती.

आता कबुलीचा भाग. पट्टी तयार करताना आम्ही चारशे माणसांवर चाचण्या घेतल्या. विद्यार्थी, गिरणी कामगार, पोलीस भरतीची पोरं. एक सहकारी म्हणाला होता, “धोत्रे, डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बायकाही घेऊ या का थोड्या?” मी म्हणालो, “कुठे शोधत बसायचं त्यांना?” सोलापूरच्या त्या प्रयोगशाळेपासून चार किलोमीटरवर माझी आई दगड वाहत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण मला कळसा काखेत आहे हे चांगलं ठाऊक होतं. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं आणि आमच्या रीतीने बिनचोळीच्या खांद्यांवर पदर अशी ती प्रयोगशाळेत आली असती आणि सगळ्यांसमोर तिने मला “हुलग्या” म्हणून हाक मारली असती. मला लाज वाटली. एवढंच कारण. त्या एका दुपारच्या लाजेपायी आज लाखभर बायका अपात्र आहेत.

मी मुंबईत श्रमसमता आयोगाकडे गेलो. अध्यक्ष सबनीसबाईंनी चहा मागवला आणि एक अहवाल माझ्यापुढे सरकवला. निर्वाह यादीतली माणसं कोणत्या समाजातली, याचा तो अहवाल होता. वडार, कातकरी, बंजारा, पारधी. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ओझी वाहिली, माती उकरली, अनवाणी चालले, ते सगळे तिथे होते. निष्कर्ष एका ओळीचा होता: ‘या समाजघटकांची श्रमप्रवृत्ती कमी आढळते.’

“हे आळशी आहेत असं लिहिलंय यात,” मी म्हणालो.

“असं कुठे लिहिलंय? आकडे आहेत फक्त. तुमच्याच पट्टीचे.”

“बाई, ते कमी काम करत नाहीत. तेच काम कमी ताकदीत करतात. जास्त कुशल आहेत ते.”

“म्हणजे त्यांना त्रास कमी होतो.”

“त्या क्षणी कमी होतो. चाळीस वर्षांनी गुडघे जातात, ते पट्टीला दिसत नाही.”

“गुडघे आरोग्य खात्याकडे,” सबनीसबाई म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या, थकलेल्या होत्या. “धोत्रे, संसदीय समितीपुढे तुम्हीच म्हणाला होतात, मोल दगडाचं करू नका, झिजणाऱ्या माणसाचं करा. अहो, मी ते वाक्य फ्रेम करून लावलंय. आता म्हणता, पाट्या मोजा? पाट्या मोजल्या तर गद्रेंसारख्यांचे पैसे अर्ध्यावर येतील. असे साठ लाख गद्रे आहेत. त्यांची संघटना आहे, वकील आहेत, दोन खासदार आहेत. तुमच्या बायकांचं काय आहे?”

त्या बायकांकडे मी होतो. आणि मी तिथे चहा पीत बसलो होतो.

एक सवलत मात्र मिळाली. पत्र आलेल्याला एकदाच फेरचाचणी मागता येते. वीस मिनिटं ओझं घेऊन चालायचं, शेवटच्या दहा मिनिटांची सरासरी धरायची. पस्तिसावर गेली तर काम राहिलं. नाही गेली तर जन्मभर निर्वाह. मी अम्माचा आणि गंगव्वाचा अर्ज भरला.

“बसून खायला मिळतंय तर खा की,” गंगव्वाचा मुलगा तिला म्हणत होता. अम्माला ते नको होतं. माझा थोरला भाऊ तिम्मा दोन वर्षांपूर्वी यादीत गेला होता. तो सकाळी उठून अंगणातल्या बाजेवर बसायचा, दुपारी बाज सावलीत ओढायचा, संध्याकाळी परत उन्हात. भांडत नव्हता, पीत नव्हता, काहीच करत नव्हता. अम्मा एकदा म्हणाली, “त्येला दगड केला रं सरकारनं. आन् दगड तरी कुणी उचलून दुसरीकडं ठेवतंय.”

तीन आठवडे मी अम्माला वाईट चालायला शिकवलं.

याहून अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. मान ताठ धर. पायाकडे बघ. पाऊल तोकडं टाक, एक लांब, एक आखूड. चुंबळ नको, पाटी नुसत्या डोक्यावर, म्हणजे दोन्ही हात वर धरावे लागतील आणि खांदे भरून येतील. श्वास पावलाबरोबर सोडू नको. अम्मा दहा पावलं तसं चालायची आणि अकराव्या पावलाला अंग आपोआप सरळ व्हायचं. तिम्माची सतरा वर्षांची रेणुका पायरीवर बसून खिदळायची, “आज्जी, दारू प्यायल्यावानी चालायलीस की गं!” अम्माही हसायची. मग तिने हसणं सोडलं. रात्री मान शेकायला तवा तापवून फडक्यात गुंडाळायची.

“ह्ये पाप हाय रं हुलग्या,” एकदा म्हणाली. “देवानं दिलेलं चालणं मोडायचं.”

“वीस मिनिटं फक्त, अम्मा. नंतर हवं तसं चाल.”

“नंतर पट्टी बघंल की परत.”

तेही खरं होतं. पण मी एका वेळी एकाच खोटेपणाचा विचार करत होतो.

फेरचाचणी सकाळी दहाला, एका शाळेच्या बंदिस्त व्यायामशाळेत होती. जमिनीवर दोन गोल पट्टे आखलेले, शेजारी शेजारी. परीक्षक डॉ. मेहरुन्निसा बागवान, माझीच जुनी विद्यार्थिनी. नातेवाईक म्हणून मला भिंतीलगत बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. दोघींना मी आदल्या दिवशी बजावून ठेवलं होतं: काही झालं तरी शिकवलंय तसंच चालायचं. दगड पडला तर पडू द्या. पडला म्हणून कुणी नापास करत नाही.

शिट्टी झाली. अम्मा निघाली. मान ताठ, नजर पायांवर, पावलं वेडीवाकडी. भिंतीवरच्या पडद्यावर आकडे चढू लागले. तीस. छत्तीस. पाचव्या मिनिटाला बेचाळीस, आठव्याला सत्तेचाळीस. आई धापा टाकत होती आणि मी आनंदाने मुठी आवळत होतो, असा मुलगा मी. गंगव्वाचा आकडा एकोणचाळीस होता. तिचा डावा गुडघा आधीच खराब, त्यात ती आखूड पाऊल त्याच पायावर घेत होती.

नवव्या मिनिटाला गंगव्वाचा गुडघा खरोखरीच दुमडला. पाटी कलली. वरचा दगड काठावर आला.

वडाराची बाई दगड पडू देत नाही. बांधावर एकामागे एक ओळ चालत असते, दगड पडला तर तो मागचीच्या पावलावर नाहीतर खाली काम करणाऱ्याच्या डोक्यावर. सासरी पहिल्या दिवशी सुनेला हेच सांगतात: स्वतः पड, दगड पाडू नको. व्यायामशाळेत मागे कुणी नव्हतं, खाली कुणी नव्हतं. अम्माला ते दिसत होतं. पण तिच्या हाताला माहीत नव्हतं.

ती एका पावलात पट्टा ओलांडून गंगव्वाच्या बाजूला आली. डावा हात गंगव्वाच्या पाटीला लागला, दगड जागेवर बसला. स्वतःच्या पाटीवरचा उजवा हात तिने खाली सोडला, कारण एक हात वर अडकला की दुसऱ्याने नीट आधार देता येत नाही. मान मोकळी झाली. नजर समोर गेली. “चल,” ती गंगव्वाला म्हणाली, आणि पाय टेकला. गंगव्वाचा पाय त्याच क्षणी टेकला. उरलेली अकरा मिनिटं दोघी तशाच चालल्या. गंगव्वा लंगडत होती तरी पाटी पाण्यासारखी संथ. कोपऱ्यातला शिपाई उभा राहिला.

पडद्यावरचे आकडे उतरत होते. मी ओरडणार होतो. “अम्मा, मान!” एवढंच. नाही ओरडलो. परीक्षा रद्द झाली असती म्हणून नाही. इतकं सुंदर काही मी आधी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून.

शेवटची शिट्टी झाल्यावर डॉ. बागवान माझ्याकडे आल्या. डोळे भरलेले. “सर, असं चालणं मी पुस्तकातसुद्धा वाचलं नाही,” म्हणाल्या आणि अर्जावर लिहिलं: धोत्रे, सव्वीस. इटकर, तेहतीस. सही केली.

अम्माच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. चेहरा उजळला होता. “बघितलास?” ती म्हणाली. “पडू दिलं न्हाई. तिचा पाय गेला हुता, तरी पडू दिलं न्हाई.”

“बघितलं.”

“मग? आकडा?”

मी सांगितला. तिने तो दोनदा विचारला. मग स्वतःचे तळहात उलटेपालटे करून पाहिले.

“म्हंजे मी काय केलंच न्हाई म्हनतंय त्ये?”

मी डॉक्टर आहे, पट्टी माझी आहे, सूत्र माझं आहे. उत्तर मलाच द्यावं लागलं. “हो,” म्हणालो. “तसंच म्हणतंय.”

निर्वाह सुरू झाला. पैसे वेळेवर येतात, त्यात खोट नाही. मजुरीच्या निम्मे आहेत पण पोट भरतं. अट एकच, काम करायचं नाही, आणि ते तपासायला पट्टी अंगावरच राहते. पहिल्या महिन्यात अम्माने शेजारणीच्या घराची वाळू दिवसभर वाहून दिली. पट्टीला पत्ताही लागला नाही. हे मी हसत सांगितलं तेव्हा ती हसली नाही. दुसऱ्या महिन्यापासून तिने तिम्माच्या बाजेशेजारी दुसरी बाज टाकली.

पावसाळा संपल्यावर मी वस्तीवर गेलो तो एक बेत घेऊन. रेणुकाला अठरा पूर्ण होणार होती, कामगार म्हणून तिची पहिली नोंद व्हायची होती. मी ठरवलं होतं, तिला पुण्याला वसतिगृहात ठेवून शिकवायचं, खर्च माझा. या घरातलं एक माणूस तरी यातून सुटू दे.

अंगणात रेणुका डोक्यावर पाटी घेऊन चालत होती, आणि अम्मा बाजेवरून उठून तिच्यामागे फिरत होती. सहा महिन्यांत अम्माला मी इतकं जागं पाहिलं नव्हतं. वस्तीतल्या आणखी चार पोरी भिंतीला टेकून आपला नंबर यायची वाट बघत होत्या.

“रेणुका,” मी म्हणालो, “पाटी ठेव. पुण्याला चल माझ्याबरोबर. कॉलेजला घालतो तुला.”

तिने पाटी उतरवली नाही. “काका, शिकून काय करू? गद्रे साहेब शिकल्यात की. दगडच उचलायलेत ना?”

यंत्रं आता कुणाकुणाची जागा घेतायत हे माझ्याइतकं कुणाला माहीत? माझ्या विभागात आम्ही नऊ जण होतो, तीन उरलोत.

“त्येला एकाहत्तर पडतंय,” रेणुका म्हणाली. “मला साठ जरी पडलं ना, आज्जीच्या दुप्पट हुतंय.”

ती चालू लागली. अंग वडाराचं, चौथ्या पावलाला चाल सरळ झाली. अम्माने मागून तिच्या मानेवर चापटी मारली. खेळातली नव्हे. आवाज आला.

“आज्जी, दुखायलंय!”

“दुखू दे. दुखल्याबिगर चढत न्हाई.”

एका वाकड्या पावलाने मानेच्या मणक्यावर किती जोर येतो हे मला काढता येतं. उभ्या उभ्या काढलं. रोज शंभर पाट्या धरल्या तर सात वर्षं, फार तर आठ. पंचविशीत रेणुकाचे हात बधिर होतील, आणि मग तिचा श्रमांक किती का असेना, तिला पाटी उचलता येणार नाही. मग तिलाही निर्वाह.

अम्माने तिला थांबवलं. मान धरून ताठ केली, हनुवटी खाली दाबली, पाटी एका बाजूला किंचित सरकवून ठेवली. तिला सगळं ठाऊक होतं. कुठे काय मोडायचं हे जिला उत्तम चालता येतं तिलाच कळतं. मग ती माझ्याकडे वळली. तोंडावर थोडी भीती होती, थोडा अभिमान.

“डाक्टर हाईस तू. बघून सांग. बरोबर शिकवायलेय का मी?”

रेणुका पुढे गेली. ताठ मान, तोकडी पावलं, छाती वरखाली. भिंतीपाशी पोहोचेपर्यंत तिला धाप लागली होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि भिंतीजवळच्या चौघींनीही.

“हो,” मी म्हणालो. “बरोबर आहे.”